मी हलले नव्हते

पुणे, १९ मार्च २०२५

रोहिणी,

नावाआधी ‘चि. सौ.’ लिहायची सवय आहे, पण आज हात पुढे गेला नाही. तुझं वाईट व्हावं असं अजून माझ्या मनात येत नाही. उद्याचं मात्र सांगवत नाही.

मी हलले नव्हते.

डिसेंबरात, डावीकडे बारीक गाठ लागते म्हणून, तुझ्या दवाखान्यात तू मला त्या मशीनपुढच्या खुर्चीवर बसवलंस ना, तेव्हाचं म्हणते. आधी उजव्या हाताला सुई दिलीस. गाठ डावीकडे असली की औषध उजवीकडून द्यायचं, नाहीतर ते काखेत रेंगाळतं आणि नसता डाग दिसतो, हे तूच समजावलंस. मला कौतुक वाटलं. ज्या पोरीला मी पाढे पाठ करायला मोरीत कोंडलं होतं ती आज मला शिकवतेय! मग दोन पाट्यांच्या मध्ये छाती धरलीस. मॅमोग्राफीसारखं झटपट नाही, औषध कुठे साठतं ते टिपायचं म्हणून एकेका फोटोला दहा मिनिटं. उजव्या बाजूचे दोन झाले, एक वरून आणि एक तिरका. डावीकडचे दोन झाले. आणि मग तू पडद्यामागून आलीस आणि म्हणालीस, “आक्का, हललीस गं तू. परत घ्यावा लागंल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या फोटोत अख्ख्या वर्गात एकट्या सत्यशीलेचं तोंड नीट आलंय म्हणून गुरुजी तो फोटो वर्गावर्गात फिरवत होते, ती मी. घरी येईपर्यंत गाडीत ह्यांना म्हणत होते, “वय झालं वो माझं, दहा मिनिटं धड बसवंना.” हे खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा वाटलं, माणसाला बायकी दुखण्याची लाज वाटत असेल. मग तुझा निरोप आला, काळजीचं काही नाही.

तुम्ही मला पुण्याला आणलंत ते उजव्या खांद्यासाठी म्हणून. खांद्याचा मोठा डॉक्टर आहे, तू नंबर लावलास, हे म्हणाले चल. आणि आत गेले तर समोर तसलंच मशीन. मी दारातच ओळखलं. ह्यांच्याकडे वळून बघितलं तर हे बुटाची नाडी बांधत बसलेले. पायात चप्पल होती, रोहिणी. चपलेला नसलेली नाडी बांधत होते.

आतली मुलगी नवखी, कुठल्या परगण्यातली कोण जाणे, मराठी तोडकंमोडकं. हात बर्फासारखे गार. माझे डिसेंबरचे फोटो तिच्या संगणकावर होते. ते बघून म्हणाली, “लेफ्ट साइडला चार घेतलेत, आपण आज पण चार घेऊ.”

मी म्हटलं, “दोनच हो. मी हललेवते म्हणून परत घेतले.”

तिने परत बघितलं. म्हणाली, “नाही आंटी. पेशंट हलला तर सेम फोटो परत घेतात. हे वेगळ्या बाजूने घेतलेत. हा तर काखेचा आहे. काही दिसलं तरच असे जास्तीचे घेतो आम्ही.”

मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बिचारीच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. “सॉरी आंटी, तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला तेव्हा आठवलं. त्या जास्तीच्या फोटोंना तू खुर्ची फिरवली होतीस. माझा डावा हात वर उचलून त्या दांडीवर ठेवला होतास, पाठीमागून तुझं अंग माझ्या पाठीला टेकवून मला पुढे लोटलं होतंस, “अजून जरा आत, आक्का, छातीचा हाडाजवळचा भाग सुटला न्हाई पायजे,” म्हणत होतीस. मी हललेच असते तर हे सगळं कशाला लागलं असतं? पण मला वाटलं, बहीण आहे, जीव लावून करतेय.

तुझे हात माझ्या अंगावर होते आणि तुला कळलेलं होतं. त्याच क्षणाला कळलेलं होतं. आणि तू चूक माझ्यावर ढकललीस.

फोन करू नकोस. मी उचलत नाही म्हणून तू ह्यांना करतेस, तेही आता बंद. फोनवर तू रडतेस आणि मग तुझी समजूत मला घालावी लागते. गेली पस्तीस वर्षं तेच चाललंय. पत्रात तुला रडून मोकळं होता येणार नाही आणि मला बोलता येईल.

आक्का

दिंद्रुड, २७ मार्च

रोहिणी,

डॉक्टर भेटले. बाई आहेत, तुझ्याच वयाच्या. ह्यांना बाहेर बसवून एकटीला आत घ्या असं मीच म्हटलं. डिसेंबरचा फोटो आणि परवाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं. डिसेंबरात डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. आता सुपारीएवढा आहे. आणि काखेत, जिथे डिसेंबरात काही म्हणजे काही नव्हतं, तिथे आता दोन ठिपके आहेत. तुझाच तो काखेचा फोटो. स्वच्छ. किती चांगला काढलायस म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ज्यांनी हा घेतला त्यांचा हात फार चांगला आहे.”

मी म्हटलं, “माझीच बहीण हाय.”

त्यांनी फोटो बाजूला सारले. मग हळूच म्हणाल्या, की तेव्हा आला असतात तर नुसती गाठ काढून भागलं असतं. आता डावी छाती पूर्ण काढावी लागेल, काखही साफ करावी लागेल, पुढे औषधं. हे त्यांनी मला सांगितलं, मला. कुणीतरी माझ्या दुखण्याचं मला सांगतंय याचं इतकं अप्रूप वाटलं की रडायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. दुकान बंद करायला लावलं, बी-बियाणं घ्यायला आलेली माणसं परत पाठवली. म्हटलं, “आता नाडी बांधू नका, बोला.”

हे आधी भिंतीशी बोलले. मग बोलले ते असं, “रोहिणीचा फोन आलता. म्हणली, दाजी, स्वप्नालीचा साखरपुडा झालाय. तिच्या सासूच्या, इमलबाईच्या कानावर गेलं तर लगीन मोडंल. हे रक्तातून उतरतंय म्हणत्यात, पोरीला कोण करंल? लगीन होऊस्तोर गप ऱ्हावा. अडीच महिन्यात काय होतंय. रिपोर्ट माझ्याजवळच ठिवते.”

“आन तुमी गप ऱ्हायलात.”

“ती त्यातली शिकलेली हाय. ती म्हणली काय होत न्हाई, मला वाटलं काय होत न्हाई.”

हे खोटं बोलत नाहीत, त्यांना ते जमतच नाही. डिसेंबरनंतर ह्यांचं वागणं आठवतं. ज्या माणसाने जन्मात मला ‘दमलीस का’ विचारलं नाही तो रात्री बदाम भिजत घालायला लागला. भाजीत मीठ जास्त पडलं तर गप खायचा. जानकीबाई शेजारीण म्हणायची, “आर्जुनरावाला म्हातारपणी बायको दिसाया लागली.” मी लाजत होते गं! खाटकाने बोकडाला हिरवा पाला टाकावा आणि बोकडाने त्याला माया समजावी, तसं झालं माझं.

ह्यांच्यावर राग आहेच. पण हे कोण? बी-बियाणं विकणारा माणूस. रोज तसले फोटो काढणारी तू आहेस. अडीच महिन्यांत काय होतं ते तुला ठाऊक होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते मला आजवर नुसतं म्हणायला येत होतं.

स्वप्नालीचं स्थळ तूच आणलंस. तुझ्या विजयसिंहांचा पुतण्या, तुझ्या थोरल्या जावेचा, विमलबाईंचा भारत. मला स्थळ आवडलंच होतं, खोटं कशाला बोलू. लग्नात तू माझ्या हातातली घागर काढून घेतलीस, मला मांडवात खुर्चीवर बसवलंस, पोरींना सांगत फिरलीस, “आक्काला उटवू नका.” बायका म्हणाल्या, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. मीही तेच म्हणाले. सगळ्या मांडवात माझ्या छातीतलं काय ते तुला ठाऊक होतं, आणि मी उभी राहून नव्या जावयाला हळद लावत होते.

आक्का

दिंद्रुड, ६ एप्रिल

रोहिणी,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तू लिहितेस, “तुला सांगितलं असतं तर तूच म्हणाली असतीस, आधी पोरीचं लग्न उरकू, मग दवाखाना. मी तुझ्याच मनातलं केलं, आक्का. शिवाय तुझी झोप तेवढी वाचवली.”

यावर मी दोन दिवस विचार केला. खरंही असेल. मी आहेच तशी. स्वप्नालीचं सुख आणि माझी छाती असं कुणी समोर मांडलं असतं तर मी काय निवडलं असतं ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण मग मी गप राहिले असते ते माझ्या जिवावर. रात्री एकटीने हाताने गाठ चाचपली असती आणि म्हटलं असतं, ठीक आहे, माझ्या लेकीसाठी. तेवढं तरी माझं राहिलं असतं. किंवा कुणी सांगावं, घाबरून दुसऱ्याच दिवशी पुण्याला पळाले असते! मरणाची भीती काय असते ते मला कुठे ठाऊक होतं? मी काय केलं असतं हे आता मलाच कधी कळणार नाही. ते तू नेलंस.

आणि पुढे लिहितेस की स्वप्नालीला एवढ्यात सांगू नकोस, नवीन संसार आहे, विमलबाईंचा स्वभाव तिखट आहे. म्हणजे आता तिच्या बाबतीतही तेच. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आपली आई याच दुखण्याने गेली, आता मला झालं, तर मुलीला आणि धाकट्या बहिणीला आत्तापासून दाखवत राहायला हवं. तिला ठाऊकच नसेल तर ती दाखवणार काय?

म्हणून काल मी चकलांब्याला गेले.

ह्यांना नेलं नाही. एसटीने गेले. तुझ्या जावेच्या दारात उभी राहिले तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मी पाणी घेतलं आणि म्हटलं, “इमलबाई, मला कॅन्सर हाय. डाव्या बाजूला. डिसेंबरातच कळलंतं घरच्यांला. तुमच्यापसून लपवलं. माज्यापसून बी.”

स्वप्नाली दारात होती, तिच्या हातात परात. ती तशीच धरून राहिली.

विमलबाईंनी शेंगा बाजूला केल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू का, याहीणबाई? मला तवा कळलं असतं तर मी लगीन मोडलं असतं.”

“मला वाटलंच.”

“खोटं कावून बोलू? माज्या पोराचा संसार हाय. लई इचार केला असता आन मोडलं असतं.” मग म्हणाल्या, “आता न्हाई मोडत. आता ती माजी सून हाय. तुमी बसा, जेवून जावा.”

रोहिणी, मला त्या बाईचा राग आला नाही. तुझा हिशेब बरोबर होता हे तिनेच तोंडावर सांगितलं, तरी आला नाही. तिने माझ्या डोळ्यांत बघून मला लागेल असं खरं सांगितलं. महिनोन्‌महिने माझ्याशी असं कुणी बोललेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पोटभर जेवले.

लेक मात्र जेवली नाही. मला एसटीपर्यंत सोडायला आली आणि वाटेत रस्त्यातच फुटली. “मला कावून न्हाई इचारलं? माज्या लग्नासाटी केलं म्हणता, मग मला इचारायचं न्हाई? मी डीजेवर नाचत होते, आई! मावशी माज्यासंग नाचत होती!” मी तिला सांगितलं की मलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “आता मला आयुष्यभर वाटंल की माज्या लग्नानं तुला…”

बघ, तू वाचवलेली झोप कुणाची कुणाची गेली ती.

आक्का

दिंद्रुड, ११ एप्रिल

रोहिणी यांस,

हे शेवटचं. काम आहे म्हणून लिहिते.

काल पुण्याहून डॉक्टरीणबाईंचा फोन होता. डाव्या बाजूचं ऑपरेशन पक्कं आहे, पण उजव्या बाजूचं अडलंय. त्या मुलीने उजवीकडचे फोटो घेतले त्यात छातीच्या हाडाजवळचा भाग नीट आलाच नाही. माझा उजवा खांदा आखडलेला, तिला मला मशीनला भिडवता येईना. तिने ओढलं की मी कळवळायची. शेवटी जेवढं आलं तेवढं घेतलं. आता त्या तुटलेल्या कडेला काहीतरी धुरकट दिसतंय. ते खरं आहे की फोटो नीट न आल्यामुळे आहे ते कळत नाही. खरं असेल तर दोन्ही बाजू काढाव्या लागतील. नसेल तर उजवी वाचेल. ते दुसरं एमआरआयचं मशीन, पालथं झोपायचं, त्यात हात डोक्यावर न्यावे लागतात आणि माझा खांदा कानापर्यंतही जात नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डिसेंबरात हाच खांदा असताना उजवी बाजू पूर्ण आलीय, अगदी हाडापर्यंत. ज्यांनी तेव्हा बसवलं त्यांच्याकडेच परत जा. असं बसवणं सगळ्यांना जमत नाही.”

फोन ठेवल्यावर मी हसले. हे घाबरून बघत राहिले. सगळ्या मुलखात मला नीट बसवणारी एकच बाई निघावी आणि ती तू असावीस! स्वप्नाली फोनवर म्हणाली, “आई, जायचं न्हाई. मुंबईला जाऊ, कुटं बी जाऊ.” रात्रभर मीही तेच म्हणत होते. मग पहाटे ठरवलं, माझ्या रागासाठी माझी उजवी बाजू द्यायची का? एक तर तुमच्या गप्प बसण्यात गेलीच.

तेव्हा मी येते. पुढच्या बुधवारी सकाळी. उपाशीपोटी येईन, सगळं ठाऊक आहे मला. दागिने घरीच काढून ठेवीन.

माझ्याबरोबर स्वप्नाली असेल. विमलबाईच तिला पाठवणार आहेत. सुई डाव्या हाताला द्यायची की उजव्या, की पायाला, ते तुझं तू बघ, आता दोन्हीकडचं आहे. मला हवं तसं बसव. कोपराखाली घडी घालून टॉवेल ठेवला होतास तसा ठेव, खुर्ची खाली घे, पाठीमागून टेकायचं असेल तर टेक. मी एक शब्द बोलणार नाही आणि तसूभर हलणार नाही.

पण तूही बोलायचं नाहीस. ‘आक्का’ म्हणायचं नाहीस. रडायचं नाहीस, रडलीस तर तुझे हात थरथरतील आणि फोटो बिघडेल. संगणकासमोर तुझ्याशेजारी तुमचे डॉक्टर बसतील, मी त्यांच्याशी फोनवर बोलून घेतलंय. जे दिसेल ते मशीनपाशी येऊन ते स्वतः मला सांगतील, त्याच वेळी, स्वप्नालीसमोर. ह्यांना बाहेर बसवायचं.

मला तुझे हात हवेत, रोहिणी. ते अजून चांगले आहेत, खोटं नाही म्हणणार. त्या हातांना मी लहानपणी मेंदी काढली आहे. तू मात्र नकोस.

तुझीही तपासणी करून घे. हे मी रागाने सांगत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांगते. आपलं रक्त एकच आहे. आणि निकाल आधी तुझ्या स्वतःच्या हातात घे, विजयसिंहांच्या नको.

बुधवारी काम झालं की आम्ही लगेच निघू. तू जेवायला थांबा म्हणशील, तुझ्या घरी स्वयंपाकही करून ठेवशील, मला ठाऊक आहे तू काय काय करतेस ते. करू नकोस. आम्ही डबा घरून आणतोय, पाण्याची बाटलीसुद्धा.

सत्यशीला अर्जुनराव ठोंबरे